सेल फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही : पावसाळ्यानंतर मासेमारी नौकेचे डिझेल इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची तुमची नौका मेअखेरीस हर्णैहून आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन शाकारून (पावसाळ्यासाठी झाकून-बांधून) ठेवली, आणि त्या दिवशी इंजिन उत्तम चालत होते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार्ज केलेल्या बॅटऱ्या लावून सेल (इंजिन फिरवणारी विजेची मोटर) मारला, तर इंजिन जोमाने फिरते, मात्र सुरू होत नाही आणि धुराड्यातून धूरही येत नाही. मधल्या काळात तुम्ही डिझेलचे दोन्ही फिल्टर बदललेत. फिटरचे म्हणणे असे, की एफआय पंप (इंजिनाला उच्च दाबाने डिझेल पुरवणारा पंप) गेला आहे, तो उतरवून दुरुस्तीला पाठवावा. पंप उतरवावा की नाही, एवढेच तुम्ही विचारले आहे.

आज तरी उतरवू नका. तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी अशा आहेत, की त्यांच्यामुळे पंपावर संशय घेण्याची पाळी बरीच नंतर येते : एक म्हणजे धूर अजिबात नाही, आणि दुसरी म्हणजे फिल्टर नुकतेच बदलले आहेत. ही दोन्ही लक्षणे एकत्र असली, की डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याखालोखाल स्टॉपचा (इंजिन बंद करणारा) लिव्हर अडकलेला असण्याची, आणि मग बाकीचे सगळे.

या प्रकारच्या बिघाडाकडे मी ज्या नजरेने पाहतो ती आधी सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. यंत्र झिजते ते चालताना. ३१ मे रोजी ज्या इंजिनाने नौका खाडीत आणली, त्याचा पंप, त्याच्या रिंगा आणि त्याची नोझले (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या) १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत जागच्या जागी झिजलेली नाहीत. या काळात तीनच गोष्टी होऊ शकतात : बाहेरून काहीतरी आत शिरते (पाणी, हवा, गंज, माती), आतले काहीतरी कमी होते (बॅटरीचा चार्ज, पाइपातले डिझेल), किंवा शाकारताना माणसाने काहीतरी बंद केलेले, खोचलेले, बांधलेले असते आणि ते तसेच राहते. म्हणून पाना हातात घेण्याआधी मी नेहमी एक प्रश्न विचारतो : नौका शाकारताना हजर कोण होते? त्या खलाशाला बोलावून घ्या. मालकाला आणि तांडेलाला (नौका चालवणाऱ्याला) जे आठवत नाही, ते त्याला आठवते.

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नौकेवर मी आणि माझा सोबती सकाळपासून दुपारपर्यंत झगडत होतो. सेल ठीक, डिझेल ठीक, नोझलपर्यंत दाब ठीक, तरी इंजिन दोनदा फुसफुसून गप्प. सहाही नोझले खाली काढून पुसून परत बसवली. दुपारी जेवणाचा डबा घेऊन आलेल्या म्हाताऱ्या खलाशाने विचारले, ‘धुराड्यातला बोळा काढलात ना?’ उभ्या धुराड्यातून पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून त्यानेच गोणपाटाचा बोळा हातभर आत ठासला होता आणि वरून पत्र्याचा डबा उपडा घातला होता. डबा आम्ही सकाळीच काढला होता, आत मात्र कोणी पाहिले नव्हते. जळलेला वायू बाहेर जाईना, त्यामुळे ताजी हवा आत येईना, आणि आम्ही नोझले पुसत बसलो होतो.

तुमच्या इंजिनाकडे वळण्याआधी डिझेल इंजिनाला सुरू होण्यासाठी काय लागते, ते दोन वाक्यांत सांगतो. पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी येथे नसते; सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबली गेली, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी धुक्यासारखे बारीक डिझेल उडाले की ते आपोआप पेटते. म्हणजे पुरेशा वेगाने फिरणे, हवा आत येणे आणि नीट दाबली जाणे, आणि डिझेल योग्य वेळी योग्य दाबाने पोहोचणे, एवढ्या गोष्टी जमल्या की इंजिनाला सुरू न होण्याचे कारण उरत नाही.

आता एक सावधगिरी, जी सेल पुन्हा मारण्याआधी पाळायची आहे. इंजिनाची ऑइलची काडी बाहेर काढून बोटांवर घासून पाहा. ऑइल दुधाळ किंवा ताकासारखे दिसत असेल, तर आत पाणी गेले आहे. पातळी खुणेच्या वर चढली असेल आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर आत डिझेल उतरले आहे. दोन्ही बाबतींत तेथेच थांबा. तुमचे धुराडे उभे आहे, म्हणजे पावसाचे पाणी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडर आणि धुराडे जोडणाऱ्या नळीत) आणि तेथून उघड्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरमध्ये उतरण्याचा धोका दर पावसाळ्यात असतो. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना त्याच्या डोक्यावर पेलाभर पाणी असेल आणि त्याच वेळी सेलने जोर लावला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग हजारांतली गोष्ट लाखांत जाते. तुमचे इंजिन मोकळे फिरते आहे, त्यामुळे आज हा धोका टळलेला दिसतो, परंतु हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवावे : पावसाळ्यानंतरचा पहिला फेरा सेलने देऊ नये. क्रँकच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यावेत. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरची पाळी येऊन जाते. दाबाचा जोर हाताला रबरासारखा लागतो आणि हळूहळू सुटतो. पाणी असेल तर पाना भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. असा थांबला तर जोर करू नका, नोझले काढा, पाणी बाहेर पडेपर्यंत हाताने फिरवा, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घाला, खालचे ऑइल बदला, आणि हे सगळे त्याच दिवशी करा, कारण ओल्या लायनरवर गंज धरायला एक रात्र पुरते.

ज्यांच्या नौकेत समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते, त्यांच्यासाठी याचीच दुसरी बाजू आहे. अशा इंजिनावर वारंवार सेल मारला, की समुद्राच्या पाण्याचा पंप दर वेळी मफलरमध्ये पाणी भरत राहतो, पण ते बाहेर ढकलायला जळलेला वायू नसतो. मफलर भरला की पाणी उलटे सिलिंडरकडे येते. म्हणून तेथे तपास चालू असताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन सुरू होताच तो तत्काळ उघडावा. उघडायला विसरू नये म्हणून मी कॉकचा दांडा बंद असताना इंजिनाची किल्ली त्यालाच बांधून ठेवायला सांगतो.

सेल आणि बॅटरी हा भाग तुमच्या बाबतीत ठीक दिसतो, तरी ‘जोमाने फिरते’ हा कानाचा अंदाज आहे, तो एकदा मीटरने पक्का करावा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. तुमच्याकडे २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतील, तर त्या वेगवेगळ्या मोजा, कारण एक चांगली आणि एक मेलेली असली तरी एकत्र आकडा फसवा येतो. सेल मारत असताना कोणतीही एक बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. बॅटरी भरलेली असूनही सेल जड फिरत असेल, तर दोष बहुधा तारांच्या टोकांत असतो, आणि त्यातही इंजिनाच्या ब्लॉकला येणारी अर्थिंगची जाड तार सर्वांत आधी पाहावी. ती बहुतेक नौकांत खाली, बिल्जच्या (नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या) ओलीजवळ असते, वरून रंग चढवलेला असतो आणि त्याखाली तांबे हिरवी भुकटी होऊन गेलेले असते. नुसता ‘खट्’ असा एकच आवाज येऊन सेल न फिरणे हेही बहुतेक वेळा याच गंजाचे काम असते. आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे, नौकेच्या पंख्यात जुने जाळे किंवा दोर अडकलेला नाही, शाफ्टच्या ग्लँडचे (पाणी आत येऊ न देणारे) पॅकिंग सुकून आवळलेले नाही, हे पाहून घ्या. इंजिन जड फिरण्याचे कारण कधी कधी इंजिनात नसतेच.

सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये निदान एक-दोन मिनिटे त्याला थंड होऊ द्यावे. हंगामाच्या पहिल्या दिवसांत शेजारच्या नौका बंदराबाहेर पडताना दिसत असतात आणि माणसाचे बोट बटणावरून निघत नाही. सेलची वाइंडिंग त्या घाईतच जळतात.

आता धूर. सेल मारताना एका माणसाला धुराड्याकडे पाहायला उभे करा, कारण इंजिनाची ही भाषा फुकट वाचता येते. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे पण पेटत नाही. मग दोष फिरण्याच्या वेगात, हवेच्या दाबात, नोझलच्या फवाऱ्यात किंवा टायमिंगमध्ये शोधायचा. काळा धूर येऊन इंजिन गुदमरत असेल, तर हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर आणि धुराडे पाहायचे. आणि तुमच्यासारखा धूरच नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. म्हणजे हवेचा दाब, व्हॉल्व्ह आणि रिंगा या सगळ्यांना आज सुट्टी. टाकीपासून नोझलपर्यंतची वाट तेवढी पाहायची, आणि ती टाकीकडूनच पाहायची.

टाकीचा कॉक उघडा आहे का, हे विचारल्याबद्दल रागावू नका. मी तो बंद सापडलेला पाहिला आहे, आणि दांडा फिरतो पण आतली चकती फिरत नाही, असाही पाहिला आहे. त्यानंतर टाकीची हवेची नळी पाहा, म्हणजे टाकीत हवा आत येण्यासाठी वर काढलेली ती वाकडी नळी. पावसाळ्यात कुंभारीण माशी तिच्यात मातीचे घर करते. नळी बुजली की टाकीतून डिझेल खेचले जात नाही. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर चोर सापडला असे समजा.

मग पाण्याची तपासणी. येथे घाई करू नका, कारण हंगामभराचे दुखणे यावरच ठरते. स्वच्छ काचेची बरणी घ्या. टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून पेलाभर आणि वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वाटीच्या) तळातून पेलाभर डिझेल वेगवेगळ्या बरण्यांत काढा, आणि त्या सावलीत पंधरा-वीस मिनिटे न हलवता ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे खाली बसते आणि दोहोंमध्ये वाटीच्या काठासारखी स्पष्ट रेघ दिसते. बरणी किंचित कलली की खालचा थर वेगळा हलतो. सगळेच डिझेल गढूळ दिसले, तर पाणी घुसळून मिसळले आहे. रेघेजवळ काळपट-तपकिरी बुळबुळीत पापुद्रे तरंगत असतील, तर ती पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारी सूक्ष्मजीवांची शेवाळासारखी घाण आहे, आणि ती नवे फिल्टरही थोड्याच दिवसांत बुजवते. अशी टाकी रिकामी करून आतून पुसल्याशिवाय गत्यंतर नसते. पाणी येते कोठून, तर अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली की तिच्यातली दमट हवा रात्री थंड पत्र्यावर घामासारखी साचते, आणि डेकवरच्या भरण्याच्या झाकणाचे रबर कडक झालेले असले की पाऊस थेट आत उतरतो. टाकी भरून ठेवली असती तर पहिले कारण उरले नसते, पण मेअखेरीस हातात पैसा नसतो, हेही मला माहीत आहे.

बरणी स्वच्छ निघाली, की हवा काढायला लागा. फिल्टर बदलताना नवी वाटी कोरडी बसवली गेली असेल, तर आत वाटीभर हवाच आहे, आणि उच्च दाबाच्या पंपाला हवा पुढे ढकलता येत नाही. ती त्याच्या प्लंजरखाली (आतल्या दट्ट्याखाली) नुसती दबते आणि फुगते. क्रम टाकीकडून इंजिनाकडे असा ठेवावा : आधी वॉटर सेपरेटर, मग फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू), मग एफआय पंपावरचा. ब्लीड स्क्रू दीड-दोन आटे सैल करून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारत राहा. प्रथम काहीच येत नाही, मग फेस येतो, मग डिझेलबरोबर बुडबुडे येतात, आणि शेवटी बुडबुड्यांवाचून पेन्सिलीएवढी सलग धार येते. धार आल्यावरही आणखी वीस-पंचवीस वेळा मारा, कारण वळणात अडकलेला एखादा मोठा बुडबुडा नेहमी उशिरा येतो. हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळा. काही इंजिनांवर लिव्हरचा फीड पंप असतो, आणि इंजिन थांबताना त्याचा कॅम वर राहिला असेल तर लिव्हर हाताला मोकळाच लागतो, डिझेल येत नाही. पंप बिघडला असे समजू नका; इंजिन हाताने एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा.

कितीही मारले तरी बुडबुडे थांबत नसतील, तर खेचण्याच्या बाजूला कोठेतरी हवा आत येते आहे. हा दोष फसवा असतो, कारण त्या बाजूला दाब नसून ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते. कडक झालेला रबरी पाइप, क्लिपाखालची बारीक चीर, परत वापरलेली तांब्याची वायसर, फिल्टरच्या वाटीखाली चिकटून राहिलेले जुने रबर आणि त्याच्यावर बसवलेले नवे, यांपैकी काहीतरी असते. शोधत बसण्यापेक्षा एक सोपी परीक्षा करा. स्वच्छ कॅनमध्ये पाच लिटर चांगले डिझेल घ्या, कॅन इंजिनाहून उंच ठेवा, आणि नव्या रबरी पाइपने ते थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. हवा काढून सेल मारा. इंजिन सुरू झाले, तर पंप, नोझले आणि इंजिन निर्दोष आहेत आणि दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. पंप गेला असे कोणीही सांगितले, की मी आधी हा कॅन लावून पाहतो, आणि निम्म्याहून अधिक वेळा पंप जागेवरच राहतो.

एफआय पंपाच्या ब्लीड स्क्रूपर्यंत स्वच्छ डिझेल आले आणि तरी धूर नाही, तर स्टॉपचा लिव्हर पाहा. केबिनमधून तुम्ही स्टॉपची केबल परत ढकलली असेल, पण ती केबल दोन महिने खाऱ्या हवेत पडून होती. तिचे आवरण फुगते, आतली तार गंजाने धरते, आणि हँडल पूर्ण आत गेलेले दिसत असताना पंपावरचा लिव्हर अर्ध्यावर थांबलेला असतो. खाली उतरून पंपाजवळ टॉर्च धरा आणि बोटाने लिव्हर चालूच्या बाजूला ढकलून पाहा. तो सहज सरकला आणि सोडल्यावर परत अर्ध्यावर आला, तर केबल सोडवून सेल मारा. बहुधा इंजिन लगेच बोलते. विजेचा स्टॉप सोलेनॉइड असेल, तर किल्ली फिरवताना त्याचा ‘टक्’ आवाज येतो का ऐका. मात्र काही सोलेनॉइड वीज मिळाली की इंजिन चालू ठेवतात आणि काही वीज मिळाली की बंद करतात, त्यामुळे तुमचा कोणता, हे कळल्याशिवाय त्याला थेट तार लावू नका.

त्यानंतर नोझलचे नट. लिव्हर चालूच्या बाजूला, थ्रॉटल पूर्ण, आणि नोझलकडे जाणाऱ्या प्रत्येक पाइपाचा नट नोझलच्या टोकाला अर्धा ते एक आटा सैल करून सेल मारा. नटाखालून ठोक्याठोक्याने डिझेल उमटायला हवे. आधी फेस, मग थेंब. सगळीकडे आले की एकेक नट आवळत जा. बहुतेक इंजिने चौथा-पाचवा नट आवळेपर्यंत अडखळत सुरू होतात. हे करताना जाड कापड नटावर टाका आणि चेहरा व बोटे दूर ठेवा. नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडते, आणि त्या दाबाने निघालेली बारीक धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि पहिला तास फारशी दुखतही नाही, पण अशा जखमेसाठी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते. उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते.

एफआय पंपापर्यंत स्वच्छ डिझेल येते, लिव्हर मोकळा आहे, आणि तरी एकाही नटाखालून थेंब येत नाही, असे झाले तरच पंपाची पाळी. तेव्हाही तो उतरवण्याआधी बाजूचे झाकण उघडून रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) बोटाने मागेपुढे सरकतो का पाहा. पंपाचे प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, तिला वंगण डिझेलचेच असते, आणि तेथे पाणी राहिले तर पावसाळ्यात ते जाम होते. एक प्लंजर जाम झाला तरी पूर्ण रॅक अडकतो आणि अडकलेला रॅक बहुधा बंदच्या बाजूलाच असतो. बरणीत पाणी सापडले असेल आणि रॅकही हलत नसेल, तर तुमच्या फिटरचे म्हणणे खरे आहे. हातोडीने ठोकून तो सोडवू नका : चालूच्या बाजूला अडकलेला रॅक इंजिनाला बेफाम वेग देतो आणि ते मग किल्लीने थांबत नाही. पंप उतरवताना कपलिंगवर आणि फ्लँजवर छिन्नीने किंवा रंगाने खुणा करून ठेवा, फोटो काढा, उघडी राहिलेली तोंडे स्वच्छ कापडाने बांधा, आणि दुरुस्तीनंतर टेस्ट बेंचवर सहाही एलिमेंटांचे (प्लंजर आणि नळीच्या जोड्यांचे) माप घेतलेला कागद मागा. नुसता ‘चालतो’ हा शब्द घेऊन पंप परत आणू नका.

इंजिन हट्टाला पेटले की धक्क्यावर कोणीतरी इथरचा फवारा किंवा पेट्रोलचा बोळा घेऊन येतोच. तो त्याला परत न्यायला सांगा. डिझेल पोहोचत नसलेल्या इंजिनाला हा नशा दोन ठोके देतो आणि निघून जातो, मूळ दोष जागेवरच राहतो. शिवाय पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होऊन रिंगा तुटतात, आणि मॅनिफोल्डमध्ये हीटर असला तर ज्वाळा तोंडावर येते. दुसऱ्या नौकेने ओढून इंजिन फिरवण्याची कल्पनाही गाडीवरून घेतलेली आहे. बहुतेक नौकांच्या गिअरबॉक्सला क्लच घट्ट धरण्यासाठी तेलाचा दाब लागतो, आणि तो दाब इंजिन चालल्याशिवाय निर्माणच होत नाही.

छोट्या होडीवर आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचे पेट्रोल इंजिन) लावणारे वाचक असतील, तर त्यांच्यासाठी एवढेच : इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप जागेवर, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, गिअर न्यूट्रलमध्ये, रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबलेला, आणि प्लग काढून पुसलेला. गेल्या हंगामातले पेट्रोल कार्बुरेटरमध्ये राहिले असेल, तर ते चिकट होऊन जेट बुजवते. ते वाटीत काढून फेकून द्यावे.

तुमचे इंजिन सुरू झाले, की पहिल्या काही सेकंदांत ऑइलच्या दाबाचा काटा उठतो का ते पाहा. उठला नाही तर तत्काळ बंद करा. नंतर थंड करण्याचे पाणी वाहते आहे ना, हे पाहा, कारण दोन महिने दाबून बसलेला इंपेलर (पाण्याच्या पंपातले रबरी चक्र) पाती तोडूनच फिरू लागतो. सैल केलेला प्रत्येक नट पुसून कोरडा करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा हात फिरवा. निदान अर्धा तास नौका दोरावरच ठेवून इंजिन चालवा, बंद करा, तासाभराने पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा लगेच सुरू झाले तर हवा आत येत नाही, असे समजायला हरकत नाही; खळखळ केली तर खेचण्याच्या बाजूची चीर अजून शिल्लक आहे आणि ती समुद्रात आठ-दहा वाव पाण्यावर, उलट्या वाऱ्यात, रात्री पुन्हा भेटेल. त्या भरतीला बाहेर पडू नका. केबिनमध्ये दोन्ही फिल्टरांचा एक जोड, तांब्याच्या वायसरांची पुडी, दोन मीटर रबरी पाइप, क्लिपा आणि तो पाच लिटरचा कॅन कायमचा ठेवून द्या.

आता फिटरला थांबवून बरणी, हातपंप आणि लिव्हर, या क्रमाने एक सकाळ घालवा. नंतरही अडले, तर पंपाच्या ब्लीड स्क्रूतून काय आले (फेस, पाणी, सलग धार की काहीच नाही) आणि कॅन लावल्यावर काय फरक पडला, एवढे दोन मुद्दे लिहून कळवा. पंप उतरवायचा की नाही, ते त्यावरून मला निश्चित सांगता येईल.